वहीचे लाल कोपरे

"पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, जसोदा. कोपरा कोरड्या बोटानं उचलायचा. विद्या उष्टी करायची नाही."

चुनीलाल मास्तरांचा हा आवाज तीस वर्षांनंतरही जसोदाबाईंच्या कानात तसाच होता. मास्तरांना जाऊन आज पंधरा दिवस झाले होते. त्यांची वही समोर पाटावर पडली होती, आणि तिच्यातलं एक पान कुणीतरी फाडलं होतं.

सन एकोणीसशे अडतीसचा कार्तिक महिना. नंदुरबारात चोरी झाली, भानगड झाली, माणूस हरवलं, की लोक आधी जसोदाबाईंकडे येत आणि मग कचेरीत जात. बाईंचं पहाटेचं स्नान, तुळशीपुढचा दिवा आणि एकभुक्त चुकत नसे. आवाज कधी चढत नसे. त्या रागावल्या की उलट आणखी हळू बोलत, हे फक्त त्यांच्या दिराला, रतिलालला ठाऊक होतं.

वही घेऊन आल्या होत्या मास्तरांच्या पत्नी मंगलाबाई.

"जसोदाबेन, तुम्हाला त्यांचं वेड माहीत आहे. इंग्रजी 'चार्ज' शब्द. त्याचे किती अर्थ होतात ते या वहीत लिहीत. कुठे ऐकला, कोण बोललं, तारीख, सगळं. शिसपेन्सिल अशी दाबत की टोक मोडायचं."

रतिलालने वही चाळली. एका पानाला एक अर्थ, मग एक पान कोरं. बंदुकीत भरायची दारू. पोलिसांचा लाठीमार. कोर्टातला आरोप. वकिलाची फी. मोटारीच्या बॅटरीत भरलेली वीज.

"एवढ्याशा शब्दात एवढं?" तो म्हणाला. "साहेब लोकांकडे शब्दांचा दुष्काळ आहे की काय?"

"सातवा अर्थ फाटला आहे," जसोदाबाई म्हणाल्या. "आणि कोपरे बघा."

पहिल्या पानापासून फाटलेल्या पानापर्यंत प्रत्येक कोपऱ्यावर लालसर डाग होता. कागद तिथे सुरकुतला होता. पुढच्या पानांचे कोपरे स्वच्छ. रतिलालने डागावर बोट घासलं, बोट लाल झालं. मग उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली म्हणून त्याच बोटाने डोळा चोळत तो बाजूला सरकला.

"हवालदार म्हणाला, मिरचीचे हात आहेत," मंगलाबाई म्हणाल्या. "रूपली सकाळी मिरच्यांचे देठ खुडते, संध्याकाळी माझ्याकडे भांडी घासते. तिचा नवरा करमसिंग दवाखान्याचा राखणदार. हिवतापावरचं क्विनाइन चोरलं म्हणून त्याला कोंडलंय. हवालदाराचं म्हणणं, त्या पानावर नवऱ्याचं नाव असणार, म्हणून तिनं फाडलं. उद्या त्याला धुळ्याला नेणार आहेत. रूपलीलाही धरतील."

त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "हे तापाने फणफणले तेव्हा मी स्वतः दवाखान्यात गेले होते. कपाटात एक गोळी नव्हती, जसोदाबेन. एक गोळी."

जसोदाबाईंनी वही मिटली. "आजच बघते," त्या म्हणाल्या. फार हळू म्हणाल्या.

मिरचीच्या वखारीत लाल ढिगाऱ्यांमध्ये पन्नासेक बायका खोकत बसल्या होत्या. रूपलीबाई कोपऱ्यात होती. कोपरापर्यंत हात तेलाने चमकत होते.

"बाई, जरा मन्ही डोयावरली बट सारा ना," ती म्हणाली. "मन्हा हात मिरचीना शेतस."

जसोदाबाईंनी तिची बट सारली. शेजारणीने तांब्याने वरून तिच्या तोंडात पाणी घातलं. रूपलीबाईने हात गुडघ्यांवर लांब धरून ठेवले होते.

"वहीला हात लावलास?"

"मले वाचता येत नही. वही मन्हा काय कामनी?" तिचे डोळे पेटले. "आठ दिनमा आमना पाडावर पाच पोरं गेलात. मन्ही पोर तापमा पडेल शे, मन्ही माय दिवलीबाई तिनापाशी बठेल शे. करमसिंग सांगी उना व्हता, पुनवना पह्यले औसध लई येसू. पुनव परवा शे. आन त्याले चोर म्हनतस!"

बाहेर आल्यावर रतिलाल म्हणाला, "वहिनी, वाईट वाटतं. पण लेकरासाठी माणूस चोरी करतोच."

"चोरी केली असती तर लेकरू तापात का असतं, रतिलालभाऊ?"

रतिलालने पानाची डबी उघडली आणि तो वहिनींच्या मागे चालू लागला.

दवाखान्यातले आधीचे कंपाउंडर जालमसिंग आता कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. रतिलालने डबी पुढे केली तर त्यांनी हात जोडले. "माळ घातल्यापासून सोडलं."

"क्विनाइन?" जसोदाबाईंनी विचारलं.

"चाळीस बाटल्या. आषाढात नव्या कंपाउंडरच्या, आत्मारामच्या हातात मोजून दिल्या. मास्तर समोर बसले होते. सहीचा कागद दवाखान्यातच राहिला. आता म्हणतात, असा कागदच नाही. मास्तर होते तोवर मला साक्ष होती." त्यांनी जुनी डायरी काढली, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पानं सरकवली. "हे बघा, बारा जुलै. पण माझंच लिहिलेलं, कोण मानणार?"

"मास्तरांच्या घरी गेला होतात?"

"भेटायला गेलो. वही हातातही घेतली होती. नाकारत नाही."

दवाखाना एका शेठजींनी आईच्या नावाने बांधलेला. आत्माराम कंपाउंडर टेबलाशी पुड्या बांधत होता. रतिलालच्या डबीतलं पान त्याने घेतलं, मग विचारून दुसरंही घेतलं. बोट ओठांना लावून तो कागदाचा एक एक चौकोन सुटा करी, त्यावर भुकटी टाकी, घडी घाली. हात थांबत नव्हते.

"जालमसिंग गेले," तो भरल्या तोंडाने म्हणाला, "आणि किल्ल्या दोन दिवस करमसिंगकडे होत्या. मी कपाट उघडलं तेव्हा ते रिकामं. जंगलातला माणूस, त्याला काय कळतं?"

"मग आषाढातच का नाही सांगितलंत?"

"शेठजी तेव्हा यात्रेला गेले होते."

"मास्तरांना ताप आला तेव्हा ते यात्रेला नव्हते."

"नव्हतंच तर देणार कुठून, बाई? साध्या तापाच्या पुड्या घरी नेऊन देत होतो की." त्याने दाराबाहेर पिंक टाकली. "त्या वहीचं म्हणाल तर मी ती बघितलीसुद्धा नाही. इंग्रजीचं मला वेड नाही."

जसोदाबाईंनी पुड्यांकडे पाहिलं. त्यातलं औषध आजाऱ्याच्या तोंडात जायचं होतं. त्या बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात शेठजी, हवालदार, जालमसिंग, आत्माराम, रूपलीबाई आणि मंगलाबाई जमले. करमसिंगला दोरी बांधून आणलं होतं. वही टेबलावर होती.

"बाई, लवकर आटपा," हवालदार म्हणाला. "मिरचीचे डाग माझ्या डोळ्यांना दिसतात."

"डोळ्यांचंच बोलू," जसोदाबाई म्हणाल्या. "रतिलालभाऊ, काल तुम्ही हा डाग बोटाने घासलात. लगेच त्याच बोटाने डोळा चोळलात. आग झाली?"

रतिलाल चपापला. "नाही, वहिनी."

"नंदुरबारची मिरची डोळ्यात गेली असती तर तुम्ही रात्रभर बोंबलला असतात. ही मिरची नाही. आणि देठ खुडणारी बाई हातांना तेल चोपडते. तिने पान धरलं असतं तर कागदावर तेल उतरलं असतं. इथे तेलाचा थेंब नाही. कागद सुरकुतलाय पाण्याने, म्हणजे थुंकीने. मिरचीचं बोट कुणी तोंडात घालतं का? रूपली तर पाणीसुद्धा दुसरीच्या हाताने पिते."

जसोदाबाईंनी वही उघडून एक कोपरा हवालदारापुढे धरला.

"हा कात आहे. पान खाणाऱ्याने बोट ओलं करून एक एक पान उलटलं. मास्तरांनी हे केलं नसतं, त्यांनीच मला ते शिकवलं. जो कोण होता तो वाचत वाचत गेला. हवं ते सापडलं, फाडलं, पुढे एक पान उघडलं नाही. म्हणजे त्याला वाचता येतं. रूपलीला येत नाही. जालमसिंग पान खात नाहीत, पेन्सिलीने पानं सरकवतात. राहिलं कोण?"

आत्मारामचं बोट ओठांपाशी होतं. ते त्याने खाली घेतलं.

"पान तर गेलं!" तो ओरडला. "त्यावर काय होतं कुणाला माहीत?"

"मास्तर पेन्सिल दाबून लिहीत." जसोदाबाईंनी पदराच्या गाठीतून चिमूटभर काजळी काढली. "ही माझ्या कार्तिकाच्या दिव्याची आहे."

फाटलेल्या पानाखालच्या कोऱ्या पानावर त्यांनी काजळी हलकेच फिरवली. कागद काळा झाला, दाबलेल्या खाचा पांढऱ्या राहिल्या. शेठजींनी चष्मा लावला. ते मोठ्याने वाचू लागले.

"अर्थ सातवा, कारभार ताब्यात घेणे. बारा जुलै. आत्मारामने जालमसिंगकडून दवाखान्याचा चार्ज घेतला. क्विनाइन चाळीस बाटल्या, सील शाबूत. किल्ल्या हातोहात दिल्या. मी समोर होतो."

"करमसिंगकडे किल्ल्या दोन दिवस सोडाच, दोन घटकाही नव्हत्या," जसोदाबाई म्हणाल्या. "हे सांगणारा एकच साक्षीदार होता. तो तापाने पडला आणि त्याच्या बायकोला तुम्ही रिकामं कपाट दाखवलंत."

आत्मारामच्या खोलीत, ट्रंकेत, अठरा बाटल्या निघाल्या. बाकीच्या विकायला सुरतेच्या गाडीने गेल्या होत्या. तो हात जोडू लागला.

"माझ्या पाया पडू नका," जसोदाबाईंचा आवाज इतका खाली गेला की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "मास्तरांचा शेवटचा अर्थ वाचा. सांभाळायला दिलेलं लेकरू, त्यालाही साहेब हाच शब्द म्हणतात. तुम्ही कपाटाचा चार्ज घेतलात, आत्माराम. पाच लेकरं गेली. मी रोज देवाला क्षमा मागते. तुमच्यासाठी मागणार नाही."

मंगलाबाई भिंतीला टेकून रडत होत्या. हवालदाराने करमसिंगची दोरी सोडली आणि मान फिरवली.

"उद्या बैलगाडीने औषध पाठवतो," शेठजी घाईघाईने म्हणाले. "याला आज पोटभर जेवू घाला."

करमसिंगने मनगटं चोळली. कुणाकडेही न बघता त्याने मुंडासं सोडलं, अठरा बाटल्या एक एक करून त्यात गुंडाळल्या, त्या एकमेकींवर वाजू नयेत म्हणून मध्ये कापडाचा पेड घातला. रूपलीबाई पुढे झाली, पण तेलाचे हात तिने मागेच ठेवले. कोपराने त्याच्या पाठीला तेवढा स्पर्श केला.

उद्या पुनव होती. गाठोडं छातीशी धरून तो दवाखान्याच्या पायऱ्या उतरला आणि प्रकाशा गावाच्या रस्त्याने, तापीच्या दिशेने, आपल्या पाड्याकडे चालू लागला.