मागे ठेवायची एक व्यक्ती

ही गोष्ट माझ्या साडूची. तो एक नंबरचा थापाड्या, त्यामुळे आधी माझाही विश्वास बसला नसता. पण त्या शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन मीच उचलला होता. शपथ घे म्हणालात तर घेतो.

साडू दातांच्या कवळ्या बनवायचा. पाहुण्यांच्या पाण्याच्या ग्लासात गुपचूप कवळी सोडणं हा त्याचा आवडता उद्योग.

त्याला फ्लॅट मिळवून दिला तो त्याच्या थोरल्या भावाने, दादाने. सातवा मजला, भरपूर उजेड, भाडं निम्मं. आधी दादाच तिथे राहायचा. वहिनी त्याला सोडून गेली आणि मग ते घर खायला उठलं, असं तो सांगायचा.

करारनाम्यात एक कलम भलतंच होतं.

'घर सोडताना भाडेकरूने आपली एक व्यक्ती मागे ठेवावी. पुढच्या भाडेकरूची व्यक्ती मागे राहीपर्यंत ती घराची राहील.'

साडू पोट धरून हसला. "दादा, सासूबाईंना ठेवलं तर चालेल का?"

आमची दोघांची सासू एकच, म्हणून मीही हसलो.

दादा हसला नाही. टाइप करणाऱ्याने घोळ घातलाय, तू सही कर, म्हणाला. वडील गेल्यावर ह्याच दादाने साडूला शिकवलं, पायावर उभं केलं. साडूने डोळे झाकून सही ठोकली.

सुरुवातीचे दिवस बरे गेले.

मग आतल्या खोलीतलं कपाटाचं दार वाजायला लागलं... भरदिवसा. जाऊन बघावं तर कोणी नाही.

कोरडा टॉवेल ओला सापडायचा... साबणाला लांब केस चिकटलेला. साडूच्या बायकोचे केस तर खांद्यापर्यंतच.

टोपलीतली फळं कमी व्हायची.

साडूला वाटलं, हा दादाच. दुसरी किल्ली ठेवून घेतली असणार, आपली फिरकी घेतोय. मग साडू कसला ऐकतोय? सफरचंद कोरून आत लाल तिखट ठासलं. ते आतल्या खोलीत ठेवलं, दार ओढलं आणि बाहेर कान लावून बसला.

कर्रर्र...

एकच घास.

मग काहीच नाही. ठसका नाही. शिंक नाही.

तो आत गेला. खोली रिकामी. खिडकीला लोखंडी जाळी.

सफरचंदावर दातांची खूण होती... आणि साडूचं हसू तिथेच विरलं.

वरचा डावा सुळा आत वळलेला. शेजारच्या दाताचा टवका उडालेला. तो दात नीट करायला वहिनीच्या जबड्याचा साचा त्यानेच तर घेतला होता.

त्याने दादाला फोन लावला. सफरचंदाचं सांगितलं.

दादा म्हणाला, "बरी आहे का रे ती?"

ती म्हणजे वहिनीच का, साडूने विचारलं.

दादाने सांगून टाकलं. सामान हलवलं त्या दिवशी तो पुढे उतरला, वहिनी मागून येतेय असं धरून. ती आलीच नाही. वर जाऊन बघतो तर घर मोकळं... फक्त कपाटाचं दार हलत होतं.

"तुझं कोणी राहिलं की ती सुटेल," दादा म्हणाला. "तुझ्यासाठी काय नाही केलं मी? एवढं कर."

"आम्ही दोघंच आहोत, दादा. कोणाला ठेवू?"

"तुझ्या बायकोलाही कालच सांगितलंय मी."

फोन कट.

साडूने मान वळवली. बायको दाराशी उभी होती. पर्स खांद्याला, चपला पायात.

ती कालपासून एक शब्द बोलली नव्हती... पण ती वेळ विचारण्याची नव्हती. त्याने तिचा हात धरला. दोघांनी एकदम उंबरठा ओलांडायचा, घरालाच चकवायचं, म्हणाला. तिने मान डोलावली.

पाऊल उचललं...

दार धाडकन आपटलं.

ती बाहेर. तो आत.

तेव्हा त्याने मला फोन केला. भराभर सगळं सांगितलं. दर वाक्याला त्याचा आवाज लांब जात होता, विहिरीत उतरत गेल्यासारखा.

शेवटचं एवढंच ऐकू आलं. "साडू, तिला एक विचार. हात सुटला... की सोडला?"

मी किल्लीवाल्याला घेऊन धावलो. कुलूप तोडलं. घरात कोणी नव्हतं. टेबलावर त्याचा फोन होता, अजून गरम.

परत उतरताना जिन्यात दादा दिसला. त्याच्या खांद्याला टेकून वहिनी एकेक पायरी उतरत होती. तिचे ओठ तिखटाने सुजले होते. दादाने माझ्याकडे बघितलंही नाही.

मेहुणी आता आमच्याकडेच असते. शांत असते, बायकोला कामात मदत करते. नवऱ्याचा विषय निघाला की उठून आत जाते. आज विचारेन, उद्या विचारेन म्हणतो...

काल मोठा रस्ता ओलांडायचा होता. गाड्या अंगावर येत होत्या. बायको घाबरली आणि तिने बहिणीकडे हात पुढे केला. मेहुणीने तो धरला.

दोघी पलीकडे पोहोचेपर्यंत मी त्या हातांवरून नजर काढली नाही.

विचारलं मात्र अजून नाही.