मागच्या भिंतीवरची बैठक

यशवंतराव प्रधानांना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची, आणि सरकारने त्यांना नेमलं होतं डास पकडायला. पनवेलच्या हत्तीरोग पाहणीत ते कीटक-सहायक होते. रबरी नळीचं एक टोक तोंडात धरायचं आणि दुसऱ्या टोकाच्या काचनळीत भिंतीवरचा डास ओढून घ्यायचा. मध्ये जाळीचा तुकडा असतो म्हणून डास घशात जात नाही, एवढीच काय ती सरकारची मेहेरबानी. घरी आले की ते कार्बोलिक साबणाने हात धुवायचे आणि राखेने जीभ घासायचे. चहा फुकटचा असला तर मात्र कुठल्याही कपातून चालायचा.

सत्तावन्न साली खाडीच्या बाजूला कृष्णाबाई नावाच्या आगरी विधवेच्या घरात त्यांनी दोन खोल्या घेतल्या. बायको दमयंती बाळंतपणाला पेणला गेली होती. ती मुलाला घेऊन यायची होती, तेव्हा घरात एकही डास राहता कामा नये हा त्यांचा हट्ट. त्यांनी घरभर डी.डी.टी. मारून घेतलं. सगळ्या भिंतींखाली मेलेल्या डासांचा थर पडला.

फक्त मागच्या खोलीची एक भिंत सोडून. तिथे डास ठाण मांडून बसलेले.

यशवंतरावांना आधी आनंदच झाला. औषध पचवणारे डास निपजले असतील तर त्यांची अंडी वाढवून पिलावळही पचवते का ते बघता येईल, आणि वर साहेबाकडे नाव होईल! मग त्यांनी भिंतीला बोट लावलं. बोटाला ओलं शेण लागलं.

"कृष्णाबाई, ही भिंत सारवलीत?"

"मंग! तुमचा तो पांढरा पानी वास मारतो. आमच्या मानसाची बसाची जागा हाय ती. रोज सारवते."

माणूस म्हणजे तिचा मेलेला नवरा, महादेव. डावा पाय हत्तीरोगाने सुजलेला, तो मरेपर्यंत याच भिंतीला टेकून बसला होता.

"पाय ह्यो असा, भाताच्या कनगीवानी," कृष्णाबाई म्हणाली. "पाझरायचा. मानसं नाक धरून जायची. त्यांना पोरांचा लय लळा, पन एका बाईनं आपला पोर मांडीवर दिला नाय."

"कोण देईल?" यशवंतरावांनी बोट धोतराला लागणार नाही असं लांब धरलं. "मी तर मुळीच दिलं नसतं. शी!"

कृष्णाबाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं.

"हळू बोला, सायेब."

डास का बसतात ते कळलं. शेणाने औषध झाकलं गेलं होतं. पण ते खातात काय? प्रत्येकाचं पोट फुगून तांबडंलाल होतं. खोलीत कोणी झोपत नव्हतं. यशवंतराव आणि कृष्णाबाई, दोघांचंही रक्त तपासून झालेलं, दोघंही निरोगी. त्यांनी एक मादी काचपट्टीवर चिरडली. रक्त ताजं, कोमट वाटावं इतकं. ओसरीवर, टळटळीत दुपारी, त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

आत हत्तीरोगाचे जंत वळवळत होते. केसाहून बारीक, एकमेकांत गुंतलेले. हे जंत कातडीजवळच्या रक्तात रात्रीच येतात, दिवसा फुप्फुसात दडतात, हे त्यांनी स्वतः गावोगाव सांगितलं होतं. मग भर दुपारी डासांनी हे रक्त कोणाच्या अंगातून काढलं?

ते उठून मागच्या खोलीच्या दारात गेले. इतके दिवस त्यांनी भिंत नळीच्या अंतरावरूनच पाहिली होती.

दारातून ती नीट दिसली. डास विखुरलेले नव्हते. वर डोकं होतं, जरासं कललेलं. खाली खांदे, पोट. उजवा पाय काटकुळा. डावा कणगीसारखा.

यशवंतरावांनी खराटा घेतला. भिंतभर तांबडा चिखल झाला, तो ओघळला, आणि त्याला पिकलेल्या जखमेचा गोडसर वास आला. मग त्यांनी मातीपर्यंत भिंत खरवडली आणि स्वतःच्या हाताने औषध मारलं.

भिंत कोरी राहिली. दमयंती आली. कृष्णाबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. बाळाला पुढच्या खोलीत, मच्छरदाणीत निजवलं. यशवंतरावांनी तिच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली खोचल्या आणि कचेरीत गेले.

परत आले तेव्हा ऊन कलत होतं. मागच्या खोलीतून ओल्या शेणाचा वास येत होता.

"हे काय केलंत?"

"बालंतीन घरात घ्याची, न् भिंत उघडी ठेवाची? असा कुठं असतंय?"

ते दाराशी गेले.

तो बसला होता. डोकं आता खाली वाकलेलं.

मांडीवर आणखी थोडे डास होते. वीतभर जागेत, दाटीने. एक वाटोळं डोकं, दोन हात, दोन पाय.

त्यांची पोटंही लाल होती.

यशवंतराव धावत पुढे आले. मच्छरदाणीच्या कडा खोचलेल्या होत्या तशाच होत्या. बाळ आत नव्हतं. दमयंतीच्या मांडीवर होतं, जागं. मागच्या दाराकडे बघून खुदुखुदु हसत होतं.

हत्तीरोग असा होत नाही. वर्षं लागतात. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"अहो, बघा ना जरा," दमयंती म्हणाली, "आईने विणलेला मोजा. उजव्या पायात नीट गेला. डाव्यात काही केल्या जात नाही."