परत आलेली बुट्टी

लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात टेकडीवरच्या लष्करी कॅम्पाला दशम्या पुरवायचं काम आमच्या ह्यांना मिळालं होतं. सीमेवर निघालेल्या जवानांना रेल्वेत खायला. जोंधळ्याचं पीठ दुधात मळलं की दशमी चार दिवस टिकते. आम्ही बायका सकाळपासून परसात थापत होतो. माझा गुंडू तेव्हा पाच महिन्यांचा, आत पाळण्यात. दोन दिवस अंगावर पीत नव्हता. हात पिठात आणि जीव त्याच्यात, अशी माझी गत.

"लीला, दशमी थापतीस का पाट घडवतीस? जवानाची दाढ मोडंल की!" शेजारची चिमणाबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

दिवस मावळता मावळता दशम्यांची बुट्टी, वेताची मोठी टोपली, भरली. सासूबाईंनी वर कोळशाचा खडा ठेवला. तिन्हीसांजेला अन्न घराबाहेर निघालं तर कोळसा हवाच, नाहीतर वाटेवरची भुकेली भुतं त्यात शिरतात, असं आमच्याकडं मानतात.

ह्यांनी तो उचलून चुलीत टाकला. "मागल्या खेपेला सुभेदार खेकसला की माझ्यावर. जेवणात कोळसा बघून माल परत करत हुता."

"आकाराम, वाट मसणवट्यावरनं हाय..."

"आई, मी सायकलीवर हाय. कोण धावतंय माझ्यामागं?"

परत आले ते भरली बुट्टी घेऊनच. जवानांची गाडी आधीच सुटली होती. अंग घामानं निथळत होतं.

"येताना उतार हाय न्हवं," हे हळू आवाजात म्हणाले, "तरी पायडल मारावं लागत हुतं. मागं कोण बसल्यागत..."

बुट्टी उंबऱ्याच्या आत आली तसा वास सुटला. ओल्या मातीचा, भिजलेल्या कातडी पट्ट्याचा. बाहेर तर कोरडी थंडी होती.

सासूबाईंनी एका दशमीचा कण जिभेला लावला आणि थुंकला. "खाल्लीया ही."

"आत्याबाई, अख्खी तर हाय..." मी म्हणाले.

"वरनं अख्खी हाय. आत काय उरलं न्हाय तिच्यात."

तेवढ्यात पाळणा करकरला. दिवसभर कुरकुरणारा गुंडू एकदम गप्प झाला होता. मी धावले. त्याचे डोळे टक्क उघडे, पण माझ्याकडं नाही, माझ्या खांद्यामागं. ओठ चोखल्यासारखे हलत होते. उचलला तर आधाशासारखा प्यायला लागला. मी रडत रडत अंबाबाईला हात जोडले. त्याच्या टाळूला ओल्या मातीचा वास येत होता. मी पदरानं पुसला.

दशम्या परसात टाकल्या. कोंबड्या भोवती फिरल्या आणि लांब गेल्या. सकाळी एकही मुंगी लागलेली नव्हती. ज्या घरात गुळाचा हात लागला तरी भिंतीवर मुंग्यांची रांग लागते, त्या घरात.

आता गुंडू चार वर्षांचा आहे. खातो भरपूर, पण अंगाला लागत नाही. मनगट अजून माझ्या दोन बोटांत मावतं. डॉक्टर म्हणतात, पोर ठणठणीत आहे. भाकरी वाढली की आधी अर्धी मोडून जमिनीवर उजव्या अंगाला ठेवतो.

"कुणाला रं?"

"त्यास्नी."

त्या तुकड्याला मुंगी लागत नाही. मी रोज तो बाहेर टाकते आणि त्याच्या उशीखालचा कोळसा बदलते. बाकीचं तरी त्याच्या पोटात जातंय, एवढाच माझा धीर.

काल दूध-गुळात भाकरी कुस्करून दिली. पोटभर जेवला आणि पेंगुळला. मी त्याला आत निजवलं. ताट उचलायचं राहिलं.

चुलीमागनं मुंग्या निघाल्या. जमिनीवरच्या तुकड्याला वळसा घालून त्या ताटाकडं गेल्या, गुंडूच्या उष्ट्याकडं. काठापाशी थांबल्या. आणि सगळी रांग माघारी फिरली.

आतनं गुंडू झोपेतच म्हणाला,

"आई, भूक लागलीया..."