चार बोटांचा आदिमानव

“‘येथील आदिमानवास चार बोटे होती.’” पियुषने गुहेतल्या नव्या कोऱ्या पाटीवरचे वाक्य मोठ्याने वाचले आणि स्वतःच्या हाताकडे पाहिले. “मंग पाचवं बोट कधी आलं?”

“पाढे सुरू झाले तेव्हा,” चंचल म्हणाली. “मोजायले कमी पडत असन.”

दिव्यानी हसली नाही. खरे तर दिवाळीच्या सुट्टीत या दोघा मित्रांना घेऊन हत्तीपायाच्या गुहेत यायचा बेत तिचाच होता. पोंभुर्ण्यापलीकडच्या या जंगलात खडक एकावर एक असे रचलेले आहेत, की कोणीतरी ढीगभर भाकरी थापून ठेवल्या आणि जेवायला बसायचेच विसरून गेले. सगळ्यांत खालचे दगड हत्तीच्या पायांएवढे गोल, आणि त्यांच्यामध्ये ही रुंद, थंडगार गुहा.

दरवर्षी मोहफुलांच्या दिवसांत दिव्यानीचे आबाजी, म्हणजे तिचे आजोबा लटारू, पंधरा दिवस इथेच मुक्कामाला असत. पहाटे फुले वेचायची, दुपारी खडकावर वाळवायची, रात्री गुहेत झोपायचे. दिव्यानी जन्मली तीही त्याच दिवसांत. निरोप गुहेत पोहोचला तेव्हा वाटायला पेढे नव्हते. मग आबाजींनी पाण्यात गेरू कालवला आणि पोळ्याला बैलाच्या पाठीवर थापा मारतात तसा आपला डावा हात भिंतीवर मारला.

“हा तुया जन्माचा दाखला,” ते तिला दरवर्षी दाखवत. “कचेरीतल्या दाखल्यात नाव चुकते. यात काई चुकत नाई.”

आबाजींच्या डाव्या हाताला चारच बोटे होती. करंगळीशेजारचे बोट धान मळायच्या मशीनने नेले होते.

यंदा पोळ्याच्या चार दिवस आधी आबाजी गेले. घरात हार घातलेला फोटो आहे. पण तो आधार कार्डावरून मोठा करून आणलेला, आणि त्यात ते आबाजी सोडून गावातल्या कोणासारखेही दिसतात. म्हणून दिव्यानीला तो हात पाहायचा होता. आणि आता ही पाटी.

“पियुष,” ती हळूच म्हणाली, “तो आदिमानव नाई. आबाजी आहेत.”

पियुषने पाटी पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात.

गुहेच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बोरकुटे ठेकेदार बसले होते. गुहा सुशोभित करायचे काम त्यांच्याकडे होते. याआधी त्यांनी तीन बसथांबे सुशोभित केले होते, त्यामुळे त्यांना अनुभव होता. शेजारी पाण्याच्या बादल्या, तारेचे ब्रश होते, आणि सुकलू नावाचा मजूर चहा उकळायची वाट पाहत होता.

“हात लावायचा नाही हं,” बोरकुटे म्हणाले. “पाच हजार वर्षांपूर्वीचा पंजा आहे.”

आबाजींच्या हाताभोवती खडूचे गोल रिंगण होते आणि खाली लिहिले होते, ‘जतन’. डावीकडच्या भिंतीवर हरणांची एक रांग होती, चहाच्या डागांसारखी फिकट. नीट पाहिले तरच पाय दिसत. तिच्यावर खडूची मोठी फुली होती. ‘साफ’.

“साहेब, हे हरणं काऊन साफ करून राह्यले?” चंचलने विचारले.

“हरणं कुठली? डाग आहेत ते. जुनं चित्र कसं ठसठशीत असतं, हा पंजा बघ. उद्या मोठे पाहुणे येणार. त्यांना डाग दाखवायचे का? चहा झाला की घासून टाकतो. पंज्यावर काच बसणार.”

तिघे गुहेबाहेर आली.

“दिव्या,” चंचल म्हणाली, “आपण गप्प राह्यलो तं आबाजी काचेत राहतीन. कायमचे. वरतून लाइट.”

दिव्यानीच्याही मनात तेच आले होते. बोलले, तर तो हात नवा ठरणार, आणि नवे ते पुसले जाणार. एक शब्द न बोलता आबाजी पाच हजार वर्षांचे होत होते. तिला फक्त गप्प बसायचे होते, आणि ते तर ती पोळ्यापासून करतच होती.

पण मग तिला आबाजींची चूल आठवली. पंधरा दिवस ते उन्हात, वाऱ्यात, गुहेबाहेर स्वयंपाक करत. एकदा पावसाने चूल विझली, भात कच्चा राहिला, तरी त्यांनी आत विस्तव नेला नाही. “धुरानं हरणं काळे पडतीन ना बाई,” ते म्हणाले होते. “ते आपल्या आंधीपासून राहून राह्यले इथी. आपण पावणे.” आणि त्या रात्री सगळ्यांनी कच्चा भात खाल्ला.

“पुरातत्त्व खात्याचं कोणी येते का इथी?” दिव्यानीने सुकलूला विचारले.

सुकलूकडून कळले, की त्या खात्याच्या नीलिमा मॅडम चार वाजता पाहणीला येणार. आता तीन वाजले होते आणि चहा उकळत होता.

“एक तास,” पियुष म्हणाला. “दे माह्याकडं.”

त्याने सरळ बोरकुट्यांसमोर बैठक मारली. चंचलने आईचा मोबाइल पुढे धरला. “साहेब, शाळेच्या प्रकल्पासाठी तुमची मुलाखत पायजे. आदिमानव कसा होता?”

बोरकुट्यांनी केसांवरून हात फिरवला. आदिमानव उंच होता, ते म्हणाले. चार बोटांमुळे त्याचा नेम पक्का होता. पियुषने विचारले, तो हातमोजे कुठून आणायचा? मग थंडीवर दहा मिनिटे गेली. तो ब्रश कसा करायचा, यावर पंधरा. सुकलू ब्रश उचलू लागला, की बोरकुटे त्याला थांबवत, “अरे आवाज नको, रेकॉर्डिंग सुरू आहे.” हरणे भिंतीवर उभी राहून ऐकत होती.

चार वाजून दहा मिनिटांनी नीलिमा मॅडम चढून आल्या. दिव्यानीने त्यांना सगळे सांगितले. सांगताना ती भिंतीवरच्या हाताकडे बघत नव्हती.

“पोरगी सांगते म्हणून?” बोरकुट्यांनी सही-शिक्क्याचा कागद काढला. “इथे स्पष्ट लिहिलंय, पंजा जतन, डाग साफ.”

मॅडमनी भिंगातून हरणे पाहिली, मग हात पाहिला. “हरणं जुनी आहेत, याबद्दल मला शंका नाही,” त्या म्हणाल्या. “पण हा कागद वरून आलाय. आत्ताच्या आत्ता काम थांबवायला तो चुकलाय याचा पुरावा हातात हवा. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दोन महिने लागतात.”

“गेरू पाण्यानं निंघते,” दिव्यानी म्हणाली. “हरणं मुरले आहेत दगडात, पावसाचं पाणी वाहून गेलं तरी जात नाई. आबाजींचा हात कोरड्यात आहे म्हणून टिकला, पाणी लागलं का जाते.”

“एका कडेला थोडंसं पुसून बघता येईल. मी पुसू?”

“नको. मीच पुसतो.”

तिने रुमाल भिजवला. कुठले बोट पुसायचे, हा प्रश्न होता. आधीच एक कमी होते. तिने अंगठा निवडला. रेशनच्या मशीनवर आबाजींचा अंगठा कधीच उमटला नव्हता. माणूस समोर उभा असून मशीन त्यांना नाही म्हणत असे. तोच अंगठा तिच्या ओल्या रुमालावर पहिल्याच फटक्यात उतरला.

बोरकुट्यांनी कागदाची घडी घातली.

“बस,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी हलकेच दिव्यानीचा हात धरून खाली घेतला. “पुरे झालं, बेटा. बाकीचा हात राहील.”

“पण तो तं नवा आहे.”

“माणसं इथे आत्ता-आत्तापर्यंत राहत होती, याचा पुरावा आहे तो. मी फोटो घेते, माप घेते. नाव सांग.”

“लटारू,” दिव्यानी म्हणाली. मग ती रुमालाची घडी घालू लागली, तेव्हा उरलेले आबाजींना ओळखणाऱ्या सुकलूने सांगितले. शेवटी तो म्हणाला, “लटारूभाऊच असते तं त्याहीनंबी हेच केलं असतं, बाई.” त्याच्याकडून एवढे शब्द एका वेळी कोणी ऐकले नव्हते.

बोरकुटेही म्हणाले, “शाबास. मला संशय होताच.” पियुषने ते वाक्यही रेकॉर्ड केले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना हरणे दाखवली. चार बोटांची पाटी उलटी करून कोणीतरी तिच्यावर चपला ठेवल्या. काच आली नाही. भिंतीवर आबाजींची आता तीन बोटे आहेत.

अंगठा पुसला त्याच दिवशी संध्याकाळी घरी आईने ताटे वाढली आणि म्हणाली, “दिव्या, हात धुऊन ये.”

दिव्यानीने आपला अंगठा पाहिला. रुमालातून झिरपलेल्या गेरूने तो अजून लाल होता.

“तुमी बसा,” ती म्हणाली. “मी थोड्या वेळानं जेवतो.”