सीट अडकल्याचा आवाज

काम तसं साधंच होतं. दादाचा अपघात झाल्यापासून वरून सक्त हुकूम आला होता, लहान विमानांमधल्या पायलटच्या सीटा तपासल्याशिवाय एकही विमान उडवायचं नाही. विमान चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेच्या शेडमध्ये काका, म्हणजे तिथले जुने मेकॅनिक, तपासत होते आणि धाकटा टॉर्च धरून उभा होता. दादा तिथे विमान शिकवायचा. पुस्तकांशी वाकडं असलेल्या या धाकट्या भावाला त्यानेच तिथे चिकटवलं होतं.

विमान जमिनीवरून उठता उठता दादाची सीट रुळावरून सुर्रकन मागे गेली होती. हातातला विमान चालवायचा दांडा त्याच्याबरोबर खेचला गेला, विमानाने नाक आभाळाकडे केलं आणि ते दगडासारखं खाली आलं. ती सीट काकांनीच पास केलेली. त्यावर दोघं अवाक्षर बोलत नसत.

काकांची तपासणी ठरलेली होती. सीट पुढे ओढायची. रुळाच्या भोकात खीळ पडली की खट्ट वाजतं. मग बाहेर उभं राहूनच हाताने ढकलून बघायचं. तेलकट कपड्यांचे डाग पडले की मालक खवळत, म्हणून शेडमधलं कुणी सीटवर कधी बसत नसे.

खट्ट.

"पास," काका म्हणाले आणि पाना आणायला गेले.

धाकट्याने टॉर्च खाली ठेवला, मान वर केली. सीट मागे गेली होती. अगदी शेवटच्या भोकात. लांब पायांचा दादा तिथेच बसायचा.

त्याने ती पुढे ओढली. खट्ट. पाठ वळवली, तर मागे रुळावर काहीतरी हलकेच सरकलं... आणि बामाचा वास आला. दादाची पाठ नेहमी धरायची. रोज सकाळी धाकटाच त्याला बाम चोळून द्यायचा.

"दादा..." त्याने हलकेच विचारलं. "तूच ना?"

सीटचं कव्हर हळूहळू दबलं.

धाकट्याला भीती वाटायला हवी होती. त्याचा मात्र जीव भांड्यात पडला. घरी दादाची खाट उचलून ठेवली होती, चपला कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या. बसायला त्याच्याकडे एवढीच एक जागा उरली असेल, तर राहू दे की.

तेवढ्यात शिकाऊ पायलट ताई आली. आज ती पहिल्यांदाच एकटी उडणार होती.

"झालं का रे? ऊन उतरायच्या आत जायचंय मला."

"आज नको, ताई. सीट... रिकामी नाही."

"कोण बसलंय, तुझा मामा?" ती हसली.

"मी पास केलीय ती," मागून काका म्हणाले.

हे शब्द ऐकले आणि धाकट्याचं डोकं फिरलं. दादाच्या वेळीही काका हेच म्हणाले होते. पुढचा-मागचा विचार न करता त्याने सीट पुढे ओढून अडकवली आणि तेलकट कपड्यांनिशी तिच्यात बसला.

"अरे, डाग पडतील. मालक..." काका ओरडले.

त्याने पाय रोवून मागे रेटा दिला. सीट ढिम्म. अंगाने तो काडीपैलवान. पुन्हा रेटलं. ढिम्मच.

मग त्याच्या मांड्या जड झाल्या. मांडीवर कुणीतरी सावकाश टेकावं तशा. त्याच्या बुटांवर आणखी दोन पाय रोवले गेले... लांब पाय. बामाचा वास नाकात भरला. दोघांच्या वजनाचा रेटा एकदमच बसला.

खीळ निसटली. सीट सुर्रकन मागे जाऊन आदळली.

काकांनी खीळ काढली. वरून धडधाकट दिसणारी खीळ टोकाशी झिजून गुळगुळीत झाली होती. ती तळहातावर घेऊन ते तिथेच खाली बसले.

"त्याची पण... मी हातानेच ढकलून पाहिली होती," ते म्हणाले. "बसलो असतो, तर कळलं असतं."

ती सीट धाकट्याने स्वतः उचलून भंगारात नेऊन टाकली. टाकताना कव्हर कोमट लागलं. दोन पावलं गेला, परत आला, थोडा वेळ त्यावर हात ठेवून उभा राहिला. हळूहळू ते गार पडलं.

नवी सीट बसवली. या वेळी काका स्वतः बसले, पाय रोवून रेटलं. ताई उडाली, गावावरून एक फेरी मारून सुखरूप उतरली. धाकटा शेडच्या दारात टेकून रडला. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"चल, घरी सोडतो तुला," काका म्हणाले.

ते दिवे घालवत होते. तपासणी न झालेली विमानं ओळीने उभी होती, दारं बंद.

खट्ट.

पहिल्या विमानातून. मग पाय रोवून रेटल्यासारखी करकर. मग शांतता.

"ऐकलंस?" काका कुजबुजले.

खट्ट. आता पलीकडच्या विमानातून... करकर... आणि सुर्रकन काहीतरी मागे गेलं.

त्यानंतर बराच वेळ आवाज आला नाही. मग त्याच विमानातून, अगदी हळू, पुन्हा... खट्ट.