कोणाच्या नावाची टोपली

कारंज्यात बापूनं सांगितलेल्या सराफाच्या दुकानाला नेमकं कुलूप होतं, म्हणून नीता शेजारच्या दुकानात शिरली. आत एक पोरगा फुंकणी तोंडात धरून, गाल फुगवून भट्टीपुढं बसलेला. त्याला बघून तिला हसूच फुटलं.

"काय पाह्यजे, ताई?" तो वरमून म्हणाला.

"मोड द्याची हाय."

रुमालाची गाठ सुटली. चांदीच्या दोन टोपल्या, छोट्या वाटीएवढ्या, खाली साखळ्या, साखळ्यांना घुंगरं. बंजारा तांड्यातल्या बाया कानशिलावरच्या बटेत अडकवतात ना, त्या. एकीची कडी तुटलेली, चार घुंगरं गायब. नीताच्या याडीच्या, म्हणजे आईच्या होत्या त्या. आई गेली तेव्हा लेकीच्या वाट्याला एवढंच आलं. आणि बापू, म्हणजे तिचा बाप हरिसिंग, म्हणत होता, हे जुनाट कोण घालतं आता? विकून टाक, लग्नात सोन्याचा सेट घेऊ.

पोरानं टोपली उजेडात फिरवून फिरवून पाहिली. "विकू नका."

"काहून? दुकानात बसून गिऱ्हाइकाले हाकलून राह्यले?"

"मालक जेवाले गेले. थे असते तं आतापावतर वितळली असती." तो हसला. "कानातले करून देऊ का? झकास होतीन."

अशी भडकली नीता! "माह्या याडीचे तुकडे करता? दुरुस्ती जमत नसन तं तसं सांगा!"

"जमते ना."

"मंग करा!"

घ्या! विकायला आलेली पोरगी दुरुस्तीला टाकून गेली. घरी जाऊन बापूला थाप मारली की भाव उतरलाय, थोडं थांबू.

पोराचं नाव उत्कर्ष. कामरगावच्या बौद्ध कुटुंबातला, याच दुकानात कारागिरी शिकलेला. नीता मंगरूळपीरला सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरायची. तिथं दिवसभर शंभर जणांशी हुज्जत घालून जीभ पार धारदार झालेली. दर रविवारी ती कारंज्याला येऊन विचारायची, "झालं का?" आणि दर रविवारी काहीतरी राहिलेलंच असायचं. चार घुंगरांना चार आठवडे लागतात होय? तिला का कळत नव्हतं? सगळं कळत होतं! म्हणून तर ती भांडत नव्हती.

"बसा ताई, च्या सांगतो," तिसऱ्या रविवारी तो म्हणाला.

"थे ताई-ताई लावू नका."

"मंग काय म्हनू?"

"नाव नाई का मले?"

"नीता..." त्यानं इतक्या हळू म्हटलं, की ती घाईघाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरातले वार वाचू लागली.

चौथ्या रविवारी टोपल्या तयार होत्या. रिठ्याच्या पाण्यातून नुकत्या काढलेल्या, लखलखीत. नवं घुंगरू कुठलं आणि जुनं कुठलं, ते नीतालाही ओळखता येईना. तिचे डोळे भरून आले.

"कडी बसते का पाह्यतो... हलू नको हं." बोलता बोलता उत्कर्षनं तिच्या कानशिलावरची बट उचलली आणि एक टोपली अडकवली. त्याची बोटं कानाला लागली. घुंगरं किणकिणली.

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! तांड्यात टोपली फक्त लग्न झालेली बाई घालते. केसांत टोपली दिसली की विचारायचं कामच नाही, पोरगी कोणाची तरी झाली. नीताला हे चांगलं ठाऊक होतं. तरी ती हलली नाही... मुद्दाम हलली नाही.

"अव माय! नीते! लगन केलं का व तू?"

दारात बेबीताई उभी. तांड्यातलीच, पैंजण जोडायला आलेली. तिच्या जिभेला कधी हाड नव्हतं. पैंजण राहिलं बाजूला, तिनं तिथूनच फोन लावला. पाच मिनिटांत नीताचा मोबाइल वाजला.

"कोनाच्या नावाची घातली थे?" बापूचा आवाज दुकानभर घुमला. "काढ! उद्या मीच मोड देतो तिची!"

"नाई काढत," नीता म्हणाली. "याडीनं मले देल्ली थे. विकाची का घालाची, मी ठरवीन. आन कोनाच्या नावाची, थे बी मीच ठरवीन."

फोन बंद. बेबीताईनं पदर तोंडाला लावला आणि काढता पाय घेतला.

उत्कर्ष पांढराफटक. "मी... मी काय केलं आता?"

"लगन लावलं माह्याशी. अर्धं."

सगळं ऐकून तो खाली बसला. मग कानापर्यंत लाल झाला. मग दुसरी टोपली उचलून म्हणाला, "मंग अर्धंच काहून ठेवाचं? नीता, पह्यल्या दिवशी तू भांडली ना... तईपासून मले दुसरं काईच सुचत नाई."

तिनं त्याचा हात धरला. "इथं नाई. चोरून नाई. दुसरी लावाची असन तं तांड्यावर चाल, बापूच्या डोयासमोर लाव. भेव वाटते?"

"लय वाटते," उत्कर्ष म्हणाला. "माह्या घरी बी लोक काई आरती घेऊन उभे नाई राह्यनार." आणि भट्टी विझवून, मालकाला फोनवर सांगून, तो पायात चपला सरकवू लागला.

भर बाजारातून, कापसाच्या गाड्यांमधून नीता एका कानशिलावर टोपली मिरवत स्टँडवर गेली. लोक वळून वळून बघत होते. बघू देत! एसटी सुटली, तसा पुन्हा फोन आला.

"कुठी हायेस?"

"बसमंदी. येऊन राह्यलो आमी."

"आमी कोन?"

नीतानं शेजारी पाहिलं. उत्कर्षनं दुसरी टोपली दोन्ही मुठींत घट्ट धरली होती, आणि तो घामानं चिंब होता.

"च्या ठेव, बापू," ती म्हणाली. "तुहा जवाई येऊन राह्यला."