एकतीस नंबरची पाटी

मी विज्ञान शिकले आहे. गेली बावीस वर्षं झाडं ओळखण्याचं काम करते. पान, फूल किंवा फळ हातात आल्याशिवाय मी कुठल्याही झाडाचं नाव सांगत नाही.

त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं तेवढंच, आणि त्याच क्रमानं लिहिते आहे. पदरचं काही नाही. जिथे खात्री नाही, तिथे तसं म्हटलं आहे.

घडलं ते फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, दुपारी तीन ते साडेपाचच्या दरम्यान.

लख्ख उजेड होता. अंधार असता तर मनाची समजूत घालणं सोपं गेलं असतं.

कामासाठी मी एका परक्या शहरात आठवडाभर राहिले होते. तिथल्या जुन्या वनस्पती उद्यानातल्या पाट्या तपासायच्या होत्या. प्रत्येक झाडाला एक पत्र्याची पाटी. तिच्यावर क्रमांक आणि फक्त लॅटिन नाव. पाटी बरोबर झाडावर आहे की नाही, हे मी पाहायचं.

बागेच्या मधोमध एक लहान दगडी देऊळ होतं. देऊळ आधीचं, बाग नंतरची. आदल्या दिवशी फोनवर आईला हे सांगितलं, तर ती हसली.

"म्हणजे दोघांचं एकाच ठिकाणी काम झालं असतं."

ती असं का म्हणाली, ते सांगायला हवं. कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. झाडांचं शिक्षण नाही, पण वेड फार. आईला देवळांचं वेड. त्यामुळे सुटीत कुठल्याही गावाला गेलो की दोघांचा करार ठरलेला होता. एक बाग बाबांची, एक देऊळ तिचं. आई बाकावर बसून रुमालानं वारा घ्यायची आणि आम्ही दोघं खेळायचो.

खेळ असा. मी पाटीवरचं लॅटिन नाव मोठ्यानं वाचायचं. बाबांनी झाडाकडे पाठ करून मराठी नाव सांगायचं.

परदेशातून आणलेल्या आणि मराठी नाव नसलेल्या झाडासाठी बाबांचं एकच उत्तर असे.

"पाहुणा."

या अर्थानं हा शब्द आमच्या तिघांपलीकडे कुणाला माहीत नव्हता.

बाबा क्वचितच चुकायचे. एकच चूक मात्र कायमची होती. आमच्या गावच्या बागेत रंगकाम करताना माळ्यानं हिरड्याची आणि बेहड्याची पाटी अदलाबदल करून ठोकली होती. बाबा त्या पाट्यांवरून शिकले. त्यामुळे 'टर्मिनेलिया चेबुला' म्हटलं की ते न चुकता म्हणायचे, "बेहडा."

चेबुला म्हणजे हिरडा.

लहानपणी मलाही ते ठाऊक नव्हतं. पुढे शिकले, तेव्हा कळलं. मग नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी काही पाहुण्यांना आमच्या संस्थेची बाग दाखवत होते. बाबा हौसेनं बरोबर आले होते. मी पाटी वाचली. मागून बाबांचा खणखणीत आवाज आला, "बेहडा!"

सगळे वळून बघायला लागले. मला लाज वाटली.

मी म्हटलं, "बाबा, माहीत नसलं तर मध्ये बोलू नये."

ते हसले. "बरं, प्राध्यापकबाई."

त्यानंतर आम्ही कितीतरी बागांमधून फिरलो. मी पाट्या वाचायचे. बाबा शेजारी उभे असायचे, पण उत्तर द्यायचे नाहीत. मीही कधी विचारलं नाही. अठरा वर्षं.

त्या सोमवारच्या चौदा महिने आधी बाबा गेले. मी दुसऱ्या गावी होते. पोचले तेव्हा उशीर झाला होता.

हे सगळं मी कुणाला सांगत नाही. इथे सांगावंच लागलं.

सोमवारी बाग लोकांसाठी बंद असते. फाटकावरच्या रखवालदारानं मला आत घेतलं आणि बाहेरून कडी लावली. आत फक्त मी, आणि देवळातले पुजारी.

पुजारी पायरीवर बसून निरांजनं घासत होते.

"आज बंद असतं ना ओ?" मी सहज विचारलं.

"बाग बंद, ताई. देवाला कसली सुटी?"

मी चप्पल काढून आत गेले. आईनं बजावून सांगितलं होतं, "माझ्या नावानं एकदा घंटा वाजव. ह्यांच्या नावानं नको. त्यांना आवाज सहन व्हायचा नाही, घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही म्हणायचे."

मी एकदाच वाजवली.

मग कामाला लागले. माझी पद्धत ठरलेली आहे. फोन गळ्यात अडकवते आणि ध्वनिमुद्रण चालू ठेवते. क्रमांक वाचते, नाव वाचते, झाड तपासते, शेरा बोलते. हात मोकळे राहतात.

कुठेतरी एक तांबट पक्षी ओरडत होता. टुक... टुक... टुक... एकसारखा. बाकी सगळीकडे शांतता.

पहिल्या बावीस पाट्यांपर्यंत काही झालं नाही.

तेविसावी पाटी मेंदीच्या उंच कुंपणालगत होती. मी वाचलं, "तेवीस. मायमुसॉप्स एलेंगी."

आणि कुंपणाच्या पलीकडून...

"बकुळ."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. खालच्या पट्टीतला.

मला वाटलं, एखादा माळी आत राहिला असेल. मी हसून पुढे गेले.

"चोवीस. ॲल्स्टोनिया स्कोलॅरिस."

"सातवीण."

मी थांबले. लॅटिन नाव ऐकून लगेच मराठी नाव सांगणारा माळी मी तरी पाहिलेला नाही.

"काका, तुम्ही इथेच काम करता का?"



कुंपण संपेपर्यंत चालत गेले आणि वळून पलीकडे पाहिलं.

कुणी नव्हतं.

पलीकडची वाट पाटाच्या पाण्यानं ओली झालेली होती. लाल मातीचा चिखल. त्यावर साळुंकीच्या पायांचे ठसे होते. माणसाचा एकही नाही...

मी परत आले. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे, 'तीन पन्नास. नाडी जलद.' दुसरं काय लिहावं, सुचलं नाही.

मग मी चाचणी घ्यायची ठरवली. पुढची पाटी न वाचता तीन झाडं सोडून पलीकडे गेले. तिथे लांबलचक दोऱ्यांना लटकलेली, दुधीभोपळ्यासारखी फळं होती. आफ्रिकेतलं झाड.

त्याचं नाव मी मुद्दाम हळू वाचलं. जवळजवळ पुटपुटले.

"अठ्ठावीस. किगेलिया आफ्रिकाना."

काही क्षण गेले.

मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

आणि मग, अगदी जवळून...

"पाहुणा."

माझ्या हातातून वही पडली.

इथे मी पळून जायला हवं होतं. वाचणाऱ्यांनाही तसंच वाटत असेल. पण मी पळाले नाही. चौदा महिन्यांत मला कुणी काही विचारलं नव्हतं, कुणी काही उत्तर दिलं नव्हतं. मी कामावरून येत होते, कुलूप उघडत होते, एकटीचा चहा करत होते.

मी वही उचलली आणि पुढची पाटी वाचली.

उत्तर आलं.

त्याच्या पुढची वाचली. त्याचंही आलं. माझ्या चालण्याचा वेग, त्या आवाजाचा वेग, सगळं जुन्यासारखं जमलं. मी मागे वळून पाहत नव्हते. बाबा झाडाकडे पाठ करायचे. मी आवाजाकडे पाठ केली होती.

मग एकतीस नंबरची पाटी आली.

झाडाखाली वाळलेली, पाच कंगोऱ्यांची फळं पडली होती. पाटी बरोबर झाडावर होती. मी पाटीवरचं नाव पाहिलं आणि कळलं, आता काय होणार.

"एकतीस," मी म्हटलं. "टर्मिनेलिया चेबुला."

पानं हलेनाशी झाली...

"बेहडा."

पहिल्यासारखंच. खणखणीत. हौसेनं.

आणि माझ्या तोंडून गेलं. विचार करायच्या आत गेलं. बावीस वर्षांची सवय.

"हिरडा, बाबा. बेहडा नव्हे."

शांतता.

मी ताबडतोब वळले. मागे कुणी नव्हतं. रिकामी वाट, तिच्या टोकाला देवळाचा कळस.

"बाबा?" मी म्हटलं. "बाबा, राहू दे. मी चुकून बोलले. बेहडाच. ऐकताय ना? बेहडा म्हणा हवं तर. बाबा..."

मी बोलत राहिले. किती वेळ, ते तेव्हा कळलं नाही.

मला काहीच ऐकू आलं नाही.

उरलेल्या सोळा पाट्या मी वाचल्या. प्रत्येक वेळी थांबले. एकदाही उत्तर आलं नाही.

परत निघाले तेव्हा पुजारी देवळाला कुलूप घालत होते.

"झालं का काम?"

"झालं."

"बरं झालं, सोबत होती तुम्हाला. एवढ्या बागेत एकट्यानं फिरायला मलासुद्धा बरं वाटत नाही."

मी थबकले. "सोबत कुठली? मी एकटीच होते."

पुजाऱ्यांनी किल्ली कमरेला खोचली. माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही बोलायचात, मग थांबायचात, मान हलवायचात. समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखं. मी म्हटलं, असेल कुणी झाडाआड."

"तुम्हाला दुसरा आवाज आला?"

"नाही हो," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "पण एकट्या माणसाचं बोलणं असं नसतं."

त्या संध्याकाळी खोलीवर मी दार लावून मुद्रण ऐकलं.

माझा आवाज स्वच्छ होता. वहीचं पडणं होतं. माझे श्वास होते.

त्यांचा आवाज नव्हता. एकदाही नाही.

मी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी एक गोष्ट लक्षात आली, आणि मी खोलीतले सगळे दिवे लावले.

तांबट.

तो पूर्ण दुपारभर ओरडत होता. टुक... टुक... टुक... माझ्या आवाजाखालीसुद्धा ऐकू येत होता. फक्त मी नाव वाचल्यावर, जिथे उत्तर आलं होतं, तिथे तो गप्प झाला होता. एखादा शब्द बोलायला लागतो तेवढाच वेळ. मग पुन्हा चालू. तेविसाव्या पाटीपासून प्रत्येक उत्तराच्या जागी.

पक्षी गप्प व्हायला शंभर कारणं असतात, हे मला माहीत आहे. मी तीच सगळी कारणं कागदावर लिहून काढली. एकही बसेना.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आईकडे गेले. तिला काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "माझं काम ऐकतेस का थोडं?"

आईचा उजवा कान अधू आहे. मी डाव्या कानात इअरफोन घातला. ती डोळे मिटून ऐकत बसली.

बकुळीच्या जागी ती हसली.

सातविणीच्या जागी मान हलवली.

अठ्ठाविसाव्या पाटीनंतर ती खुदकन हसली आणि पदर तोंडाला लावला. "पाहुणा म्हणे. अजून तेच."

मी मनाशी म्हटलं, आईनं हा खेळ कित्येक वर्षं ऐकला आहे. कुठल्या नावाला काय उत्तर यायचं, ते तिला पाठच असणार. माझं वाचन ऐकून तिला आठवत असेल. एवढंच.

एकतीस नंबर आला.

"बघ," आई म्हणाली, "अजून चुकतातच हे."

मग तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं इअरफोन कानात दाबून धरला. मुद्रण संपलं, तशी तिनं तो काढला आणि माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. दमल्यासारखं.

"तू मध्येच कशाला बोलत सुटलीस?"

"मध्ये म्हणजे?"

"ते बोलत होते ना. तू हिरडा म्हणालीस, त्यावर ते काहीतरी सांगत होते. एवढं लांबलचक ते कधी बोलायचे नाहीत. आणि तू आपली बाबा, बाबा करत राहिलीस. काही धड ऐकू दिलं नाहीस."

"काय म्हणत होते?"

"काय सांगू? 'तुझं' एवढं कानावर आलं. पुढे सगळा तुझाच आवाज."

मी तो भाग पुन्हा लावला. या वेळी स्वतःचा आवाज ऐकलाच नाही, त्याच्या खालचं ऐकलं.

मी 'बेहडा नव्हे' म्हणते. तांबट गप्प होतो. दोन सेकंदांनी मी बोलायला लागते.

तांबट गप्पच आहे...

मी बोलते आहे, विनवते आहे. तो पुन्हा ओरडायला लागतो, तो बरोबर एकोणीस सेकंदांनी. मी तेव्हाही बोलतेच आहे.

एकोणीस सेकंद. तेवढा वेळ कुणीतरी काहीतरी सांगत होतं.

आईला मी पुन्हा पुन्हा विचारलं. 'तुझं बरोबर आहे' असं होतं, की 'तुझं चुकलं' असं? ती म्हणते, खोटं कशाला सांगू, नाही लागलं. आता तर ती फोन कानाला लावूच देत नाही. म्हणते, "झालं ते झालं. त्यांना काय म्हणायचं होतं, ते म्हणून झालं."

त्या बागेत मी नंतर दोनदा गेले. एकदा सोमवारी, रजा काढून. पुजाऱ्यांनी ओळखलं.

एकतीस नंबरपाशी उभी राहिले. नाव वाचलं. गप्प राहिले. पाय दुखेपर्यंत गप्प राहिले.

टुक... टुक... टुक...

एकदाही खंड पडला नाही.

हल्ली कुठल्याही बागेत काम असलं, तरी पाटी वाचून झाली की मी मनात एकोणीसपर्यंत मोजते. बरोबरच्यांना वाटतं, बाई फार काटेकोर आहेत.

मोजून झालं की मी पुढच्या झाडाकडे जाते.